लंडन ते पॅरिस : अंतर किती, वेळ किती?

निर्यातीच्या धंद्यात नव्याने उतरलेले आपले व्यापारी बंधू युरोपचा पहिला दौरा आखतात, तेव्हा लंडन आणि पॅरिस एकाच फेरीत उरकण्याचा बेत करतात. नकाशात दोन्ही शहरे शेजारीशेजारी दिसतात. सरळ हवाई अंतर सुमारे ३४४ किलोमीटर. विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने उडते, म्हणजे अर्ध्या तासाचा प्रवास, असा हिशेब करून दुपारी बारालाच पॅरिसची बैठक ठरवली जाते. मोठी ऑर्डर हातची जाते ती इथे!

वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीवरची रांग, वर चढणे, खाली उतरणे धरून या मार्गाला साधारण सव्वा तास ते एक तास वीस मिनिटे लागतात. शिवाय पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे आहे आणि तिकिटावर ज्या त्या शहराची वेळ छापतात. सकाळी १० ला लंडनहून निघालेले विमान १२.२० ला पोचते. संध्याकाळी ६ ला पॅरिसहून निघालेले ६.२० ला लंडनला! दोन्हीकडचा प्रवास मात्र सारखाच.

त्यात हीथ्रोला जाणे, दोन तास आधी हजर होणे, उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि शहरात शिरणे मिळवा. हॉटेलपासून ग्राहकाच्या दुकानापर्यंत पाच तास सहज जातात.

समुद्राखालच्या सुमारे ५० किलोमीटरच्या बोगद्यातून १९९४ पासून युरोस्टार रेल्वे धावते. पूर्वी तीन तास लागत. २००७ मध्ये इंग्लंडमधला नवा मार्ग पूर्ण झाल्यावर सव्वादोन तासांवर आले. दोन्ही स्टेशने शहराच्या आतच आहेत. तासभर आधी पोचले तरी एकूण चार तासांत काम भागते.

मात्र रेल्वे नेहमीच बरी असे नाही. कापड आणि चामड्याची मोठी प्रदर्शने भरतात ते व्हिलपिंत मैदान पॅरिस शहरात नसून शार्ल द गोल विमानतळाजवळ आहे. तिथेच काम असेल तर विमान सोयीचे.

सर्वांत महाग चूक व्हिसाची. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही. तिथे शेंगेन व्हिसा लागतो. फ्रान्सची तपासणी लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनवरच होते, त्यामुळे व्हिसा नसलेला माणूस गाडीतही बसू शकत नाही. पॅरिस, मग लंडन, पुन्हा पॅरिस अशी फेरी असेल, तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे तिकीट काढण्याआधी पाहावे. ब्रिटन युरोपीय संघाच्या बाजारपेठेतून बाहेर पडल्यामुळे २०२१ पासून मालाच्या नमुन्यांनाही या वाटेवर कस्टमचे नियम लागतात. नमुने परत आणायचे असतील तर ए.टी.ए. कार्नेट हा कागद भारतातूनच करून न्यावा. आपल्याकडे तो फिक्की ही संस्था देते.