माठाला कुठं लाईट लागते?

चुडाव्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवणाऱ्या माणसाने घरात खाऱ्या पाण्याची माशांची टाकी ठेवावी, यात हसण्यासारखं बरंच आहे. आमचं गाव पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरचं. इथून मुंबईचा समुद्र म्हणजे गाडीने एका रात्रीची वाट. पण लहानपणी मामाने मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं होतं, 1951 सालचं. काचेपलीकडचा केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा तेव्हापासून डोक्यात बसला होता. चाळिशीत हातात चार पैसे आले आणि दोनशे लिटरची टाकी घरी आली.

चूक तिथेच झाली. माशांचा विचार करण्याआधी मी यंत्रांचा केला. पाणी गार ठेवायला चिलर, प्रवाळ वाढवणारा निळसर दिवा, पाणी कमी झालं की आपोआप भरणारा सेन्सर आणि या सगळ्यांवर देखरेख करून काही बिघडलं की मोबाइलवर निरोप धाडणारा कंट्रोलर. एका चांगल्या बैलजोडीचे पैसे गेले. दर उन्हाळ्यात माझ्या दुकानात जळालेल्या मोटारींचा ढीग लागतो. तरी यंत्र बंद पडतं, ही गोष्ट मला स्वतःच्या घरात आठवली नाही.

मे महिन्यात नात्यातल्या लग्नाला नांदेडला गेलो होतो. त्या रात्री गावची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली. चिलरचा भार इन्व्हर्टरला झेपत नाही, म्हणून तो लाईट जाताच थांबला. पंप इन्व्हर्टरवर होता, पण घरातले तीन पंखेही त्यावरच. पहाटे तीनच्या सुमाराला तोही बसला. मोबाइल माझ्या उशाशीच होता. निरोप आला नाही, कारण निरोप ज्या राउटरवरून यायचा त्याचीच लाईट गेली होती!

सकाळी दार उघडलं तेव्हा आधी वास आला. पाण्यावर तेलकट साय धरली होती. केशरी-पांढरे दोन्ही क्लाऊनफिश दगडाच्या कपारीत आडवे, कल्ले ताठ उघडलेले. चार डॅमसेल माशांपैकी एक पृष्ठभागाला तोंड लावून घुटके घेत होता, दुपारपर्यंत तोही गेला. तापमापीत 34 अंश. दहाच्या सुमाराला लाईट आली, पण व्होल्टेज एकशे सत्तरच्या वर चढेना; त्यावर कॉम्प्रेसर उचलतच नाही. चिलर टिकटिक करत राहिला.

मासे नुसत्या उष्णतेने मेले असं मी आधी धरून चाललो होतो. खरी मारेकरी होती प्राणवायूची टंचाई. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मुरतो, आणि गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्यात तो सुमारे पाचव्या हिश्शाने कमीच असतो. पाणी हलायचं थांबलं की उरलासुरलाही संपतो. त्या रात्री बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप असता, तर काही मासे वाचले असते. यादीत ती सगळ्यात स्वस्त वस्तू होती. मी ती काटून टाकली होती.

आठवडाभर मी चिलरला शिव्या घालत होतो. आई म्हणाली, "माठाला कुठं लाईट लागते?" मी हसलो, मग गप्प झालो. माठ गार होतो तो पाणी उडून, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी ठणठणीत. टाकीवरचं काचेचं झाकण काढून जाळी टाकली आणि पाण्यावर तिरपा छोटा पंखा लावला. पाण्याचं तापमान तीन-साडेतीन अंशांनी उतरलं. हा पंखा इन्व्हर्टर रात्रभर ओढतो. पावसाळ्यात हवा ओली झाली की पंख्याचा जोर ओसरतो, पण तेव्हा उकाडाही तेवढा नसतो.

फुकट मात्र काहीच नाही. मे महिन्यात रोज पाच-सहा लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही, मागे राहतं आणि पाणी खारट होत जातं. म्हणून काचेवर मार्करने रेघ मारली आहे. संध्याकाळी रेघेपर्यंत पाणी भरायचं, तेही गोडं. सेन्सरचं सगळं काम ती रेघ करते, फक्त माणूस घरी पाहिजे. साधेपणा म्हणजे कष्ट कमी, असं समजून कुणी यात पडू नका.

बोअरचं पाणी चालत नाही, आपल्याकडे ते जड, आरओचं लागतं. आरओ जेवढं देतं त्याच्यापेक्षा जास्त फेकतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात राहून हे फेकलेलं पाणी मोरीत सोडवत नाही. मी भांडी आणि फरशी त्यावर काढतो. मीठही स्वयंपाकघरातलं नको. टाकीसाठीचं समुद्री मीठ लिटरला 35 ग्रॅमच्या हिशेबाने घ्यायचं. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या: थेंब टाका, उजेडाकडे धरा, वाचा. त्याला सेलही लागत नाही.

निळा दिवा तर पहिल्या दिवसापासून वाया गेला होता. मोठ्या शहरातल्या एका दुकानदाराने मागच्या खोलीत नेऊन मला जिवंत प्रवाळ दाखवलं होतं. "कुणी विचारत नाही" म्हणाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून खडक बांधणारं प्रवाळ आहे, समुद्रघोडाही आहे. वाघ आहे त्याच अनुसूचीत. माझ्या टाकीत आज कोरडे दगड आणि साधा एलईडी आहे. प्रवाळ बघायचंच असेल तर मालवणला जा, तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे.

साधेपणाचे भक्त जकार्ताच्या ली चिन एंग यांचं नाव घेतात. त्यांनी 1961 च्या सुमाराला जिवंत दगड (जिवाणू वसलेले समुद्रातले दगड), ऊन आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाक्या चालवून दाखवल्या. खरं आहे, पण त्यांच्या बेटाला चारी बाजूंनी समुद्र होता. आपल्याला नव्या टाकीत माशांची घाण पचवणारे जिवाणू जमायलाच चार ते सहा आठवडे थांबावं लागतं. तोवर त्यात मासा सोडू नये, दुकानदार काहीही म्हणो. दोनशे लिटरमध्ये मी आता दोनच मासे ठेवतो.

चिलर माळ्यावर आहे. टाकी मांडणार असाल तर मासे आणण्याआधी मे महिन्यातली एक दुपार निवडा, घराचा मेन स्विच खाली ओढा आणि चार तास तापमापी घेऊन टाकीसमोर बसा. त्यानंतर काय विकत घ्यायचं ते ठरवा.