वजन कमी की दिवस अपुरे?

बाळ अडीच किलोच्या आत भरले की घरातली मंडळी ‘दिवस अपुरे असतील’ म्हणून विषय संपवितात. विद्यार्थ्यांनी प्रथम हे ध्यानात घ्यावे की वजन आणि दिवस या दोन भिन्न गोष्टी आहेत. १८०० ग्रॅमची दोन बाळे घ्या. एक ३२ आठवड्यांचे, दुसरे ३८ आठवड्यांचे. पहिल्याची वाढ त्याच्या दिवसांच्या मानाने योग्य आहे. मात्र फुप्फुसे कच्ची असल्याने श्वासाचा धोका, आणि चोखणे व गिळणे यांचा मेळ अजून बसलेला नसतो. दुसऱ्याची फुप्फुसे बहुधा तयार असतात, पण ते पोटात उपाशी राहिलेले असते. पहिल्या काही तासांत त्याच्या रक्तातील साखर उतरू शकते. म्हणून त्याला लगेच अंगावर पाजणे आणि साखर तपासणे अगत्याचे असते.

दिवस मोजावयाचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवावेत. १० जानेवारीची पाळी असेल तर १७ ऑक्टोबर. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले ते अपुऱ्या दिवसांचे बाळ. पाळीची तारीख स्मरत नसल्यास पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी सर्वांत भरवशाची. पुढे पुढे तिचा अंदाज सैल होत जातो.

यांपैकी काहीच हाती नसेल तर बाळाचे अंगच सांगते. डुबोविट्झ यांनी १९७० मध्ये अशी गुणपद्धती मांडली. बॅलार्ड यांनी १९७९ मध्ये ती सुटसुटीत केली व १९९१ मध्ये सुधारली. तीत शरीराच्या सहा व स्नायूंच्या सहा खुणा पाहतात. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या तळपायावर सर्वत्र रेघा असतात, फार लवकर जन्मलेल्याचा तळवा गुळगुळीत. कान दुमडून सोडला की पूर्ण दिवसांचा चटकन उभा राहतो. बाळाचा हात छातीवरून विरुद्ध खांद्याकडे नेला तर कच्च्या बाळाचे कोपर छातीची मध्यरेषा सहज ओलांडते. वीस गुण म्हणजे ३२ आठवडे, पस्तीस म्हणजे ३८. सुमारे दोन आठवड्यांचा फरक धरावा. एकाच खुणेवर विसंबू नये. कुपोषित बाळाची स्तनग्रंथी दिवस भरूनही लहानच लागते.

आठवडे कळले की वजन तक्त्यावर मांडावे. तेवढ्याच दिवसांच्या शंभर बाळांत जे वजनाने खालच्या दहांत येते, त्याची वाढ खुंटली असावी असा संशय घ्यावा. (आईबापच लहान चणीचे असले तर निरोगी बाळही तेथे सापडते.) १९६३ चा ल्युबचेन्को यांचा गाजलेला तक्ता डेन्व्हर या समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीच्या शहरातला. तेथील बाळे जरा हलकीच, त्यामुळे तो सर्वत्र लागू पडेना. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय मानके आठ ठिकाणच्या बाळांवरून तयार झाली, आणि त्यांत आपले नागपूरही होते.

शेवटी डोक्याचा घेर व लांबी मोजावी. वजन घटलेले पण डोके पुरेसे असेल तर वारेतून होणारे पोषण बहुधा शेवटच्या महिन्यांत तुटले. तिन्ही मापे सारखीच खाली असतील तर कारण गरोदरपणाच्या आरंभीच्या काळात शोधावे लागते.