लष्करी पथकाला काय शिकवावे, हे कसे ठरवावे?

तृतीय वर्षाच्या वर्गात औद्योगिक मानसशास्त्रातील ‘प्रशिक्षणाच्या गरजा’ हे प्रकरण शिकवताना मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो : “एखाद्या पथकाच्या हातून मोठी चूक झाली, तर कोणाला आणि काय शिकवावे?” उत्तर बहुधा ठरलेले असते. “सर, ज्याने चूक केली त्याला पुन्हा शिकवावे.” हे उत्तर चुकीचे नाही; अपुरे आहे. ते अपुरे का, हे समजावे म्हणून मी पर्शियन आखातातील दोन घटना सांगतो.

इराण-इराक युद्ध चालू होते. १७ मे १९८७ रोजी ‘स्टार्क’ या अमेरिकन युद्धनौकेवर एका इराकी विमानाने दोन क्षेपणास्त्रे सोडली. नौकेकडून प्रतिकार झालाच नाही आणि ३७ नौसैनिक प्राणास मुकले. या घटनेचा धडा सरळ वाटतो : उशीर करू नका.

पुढच्याच वर्षी, ३ जुलै १९८८ रोजी, ‘व्हिन्सेन्स’ ही अमेरिकन क्रूझर इराणी गनबोटींशी लढत होती. त्याच वेळी बंदर अब्बासहून इराण एअरचे ६५५ क्रमांकाचे विमान दुबईला जाण्यासाठी उडाले. उड्डाणानंतर सुमारे सातच मिनिटांत नौकेच्या क्षेपणास्त्रांनी ते पाडले. विमानातील २९० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत लहान मुलेही होती. म्हणजे एका नौकेने कृती केली नाही म्हणून अनर्थ झाला आणि दुसरीने घाईने केली म्हणून त्याहून मोठा अनर्थ झाला. आता ‘लवकर निर्णय घ्या’ हे शिकवायचे, की ‘थांबून निर्णय घ्या’ हे?

‘व्हिन्सेन्स’वरील यंत्रणा त्या काळातील अत्यंत आधुनिक अशी होती. नोंदी तपासल्यावर दिसले की विमान वर चढत होते आणि यंत्राने तसेच नोंदवले होते. नियंत्रण कक्षात मात्र ते खाली उतरत नौकेवर चाल करून येत असल्याचे सांगितले जात होते. विमान लढाऊ एफ-१४ असावे, असे एकदा बोलले गेले आणि तोच समज पुढे कक्षभर पसरला. ते प्रवासी विमान असू शकेल, असे एकाने सुचवलेही होते. पण गोळीबाराच्या त्या गदारोळात त्या सूचनेचे पुढे काही झाले नाही. चौकशी अहवालानेही मनावरील ताण आणि हाती आलेल्या माहितीचा नकळत झालेला विपर्यास यांवर बोट ठेवले.

येथे मी वर्गाला पुन्हा विचारतो, “आता कोणाला शिकवाल?” यंत्रापुढे बसलेल्या प्रत्येकाला आपापले काम शिकवलेले होते. जे बिघडले ते दोन माणसांच्या मधल्या जागेत बिघडले. ही मधली जागा कोणाच्याही कामाच्या यादीत लिहिलेली नसते. म्हणूनच ती शोधावी लागते.

प्रशिक्षणाची गरज शोधण्याची पायाभूत पद्धत मॅकगेही आणि थेअर यांनी १९६१ साली मांडली. त्यांनी तीन पातळ्या सांगितल्या : संस्था, काम आणि माणूस. संस्थेला काय साधायचे आहे, ते काम नेमके कसे होते आणि ते करणारा माणूस कोठे कमी पडतो, असे हे तीन प्रश्न होत. पथकाचा विचार करताना त्यांत चौथा प्रश्न घालावा लागतो : कोणाचे काम कोणावर अवलंबून आहे आणि माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जाताना कोठे अडते किंवा बदलते?

याचे उत्तर कार्यालयात बसून मिळत नाही. त्यासाठी अनुभवी लोकांना त्यांच्या आयुष्यातील खरे बिकट प्रसंग विचारावे लागतात. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या अभ्यासातून उगम पावलेली ही पद्धत फ्लॅनगन यांनी १९५४ साली शास्त्रीय स्वरूपात मांडली. त्याच्या जोडीला पथकाला कृत्रिम प्रसंगात घालून त्याचे निरीक्षण करावे लागते. निर्णय बरोबर आला की नाही एवढेच पाहून भागत नाही; कोण कोणाला काय बोलला, कोण गप्प राहिला, हेही टिपावे लागते.

‘व्हिन्सेन्स’च्या घटनेनंतर अमेरिकन नौदलाने १९९० साली ताणाखालील निर्णयांवर मोठा संशोधन प्रकल्प हाती घेतला. कॅनन-बॉवर्स, सालास प्रभृती मानसशास्त्रज्ञांच्या या कामातून पथकाच्या चार गोष्टी पुढे आल्या : माहितीची देवाणघेवाण, स्पष्ट व नेमके बोलणे, एकमेकांच्या चुका सावरणे आणि पुढाकार. सरावानंतर पथकाने या चार मुद्द्यांवर स्वतःच स्वतःची उजळणी करावी आणि नायकाने आपली चूक मोकळेपणाने कबूल करावी, असेही त्यांनी सुचवले. वरिष्ठ चूक कबूल करतो तेव्हाच कनिष्ठाला शंका बोलून दाखवण्याचे धैर्य येते.

पण एक सावधगिरी हवी. प्रत्येक दोषावर प्रशिक्षण हे औषध नव्हे. ‘व्हिन्सेन्स’च्या पडद्यावर विमानाची उंची दिसे, ती वाढते आहे की घटते आहे, हे मात्र माणसाला आकडे ताडून पाहावे लागे. तो दोष यंत्राच्या रचनेचा. नौका त्या वेळी इराणच्या सागरी हद्दीत होती. तो प्रश्न आज्ञेचा आणि धोरणाचा. अशा ठिकाणी ‘प्रशिक्षण कमी पडले’ असे म्हणणे म्हणजे वरच्यांची जबाबदारी खालच्या माणसावर ढकलणे होय. गरजेचा प्रामाणिक शोध घेणाऱ्याला ‘ही गरज प्रशिक्षणाची नाही’ असेही म्हणता आले पाहिजे.

हे सारे आपल्यापासून फार दूरचे वाटेल. पण एका स्नेहसंमेलनात मी बसवलेली एकांकिका मला आठवते. सर्वांचे पाठांतर चोख होते. प्रयोगात एकाने एक वाक्य गाळले आणि पाचही जण रंगमंचावर स्तब्ध उभे राहिले. मी प्रत्येकाचे संवाद घोटून घेतले होते. एकाचे चुकले तर दुसऱ्याने कसे सावरायचे, याची तालीम कधी घेतलीच नव्हती. चूक त्या मुलाची होती, त्याहून अधिक माझी होती.

आमचा प्रयोग पडला, एवढेच. त्या सकाळी आखातावर २९० माणसे गेली. १९९६ साली अमेरिकेने मृतांच्या कुटुंबीयांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. माणसे परत आली नाहीत. म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे असते की, ‘कोण चुकला?’ हा प्रश्न जरूर विचारा; पण तेथे थांबू नका. ‘त्याच्या शेजारच्याला काय ठाऊक होते आणि ते त्याच्यापर्यंत का पोचले नाही?’ हा पुढचा प्रश्न विचारा. पथकाचे खरे शिक्षण तेथून सुरू होते.