चिऱ्याच्या घरातले वायफाय



वायफाय रेंगाळले की पहिला राग कंपनीवर निघतो आणि पाठोपाठ महागडा प्लॅन घेतला जातो. त्याआधी बिघाड घराबाहेरचा की घरातला, एवढे ठरवावे. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. केबलवर पुरा वेग मिळाला तर लाइन ठीक, दोष घरातला. मोजताना मेगाबिट आणि मेगाबाइट यांची गल्लत होऊ नये: ५० मेगाबिटच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला सहा मेगाबाइटने उतरली, तर कोणी फसवलेले नसते.

आपल्या कोकणातल्या वेळणेश्वरात दोष बहुधा भिंतींचा निघतो. तार ओटीवर येते, राउटरही तिथेच खिडकीशी टांगला जातो, आणि मोबाइल पाहणारे असतात माजघरात नाहीतर मागच्या पडवीत. मध्ये जांभ्याच्या दोन-तीन भिंती. चिरा साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद. भिंतीची जाडी त्याच मापात जाते. शिवाय जांभा सच्छिद्र. पावसात तो पाणी पितो, आणि ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त लहरी गिळते. मे महिन्यात माजघरात बरे चालणारे वायफाय जुलैत अडखळले तर नवल नाही.

राउटर घराच्या मध्याकडे, माजघराच्या दाराशी, डोक्याच्या उंचीवर लावावा. फ्रीज आणि लोखंडी कपाट यांच्या आड नको. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हरतो. मागच्या खोल्यांत २.४ गिगाहर्ट्झ घ्यावा. दोन्हींना वेगळी नावे दिली की निवड हातात राहते. शेजाऱ्याचा चॅनेल टाळण्याचा प्रसिद्ध सल्ला शहरातल्या फ्लॅटांसाठी. वाडीत दोन घरांमध्ये पोफळी-नारळ उभे असतात, तिथे त्याने फारसा फरक पडत नाही.

एवढ्यानेही मागे रेंज पोचली नाही तर मागच्या पडवीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवावा. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते. साधा रिपीटर स्वस्त पडतो खरा, पण ऐकणे आणि पुढे पाठवणे एकाच पट्ट्यावर करत असल्याने वेग जवळपास निम्मा होतो. पर्यटकांच्या खोल्या वेगळ्या इमारतीत असतील, तर तिथवर तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नये. तिथे फायबरच बरी.

केबलवरही वेग नसेल तर फायबरच्या डब्यावरचे दिवे पाहावेत. 'एलओएस'चा दिवा लाल झाला म्हणजे प्रकाश पोचत नाही: झावळी पडून तार तुटली असेल, नाहीतर डब्यामागची बारीक पिवळी दोरी कपाटामागे दुमडली असेल. दोरी सैल सोडावी. तरीही दिवा लालच राहिला तर डबा शंभरदा बंद-चालू करून उपयोग नाही, तक्रारच नोंदवावी. दिवे ठीक असून डबा मधूनच आपोआप बंद होऊन चालू होत असेल, तर संध्याकाळचा कमी दाब किंवा थकलेला अडॅप्टर तपासावा. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस इथे प्लॅन वाढवण्यापेक्षा उपयोगी.

ढग गडगडू लागले की अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवावा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही. ती प्लगातून येते.

— काका