शब्दसंग्रह आणि जुना संगणक

तुमच्यापैकी कोणाच्या घरी एखादी जुनी लोखंडी पेटी असेल. तिची किल्ली कधीच हरवलेली असते. तरीही आत आजोबांची कागदपत्रे आहेत म्हणून ती पेटी कोणी भंगारात देत नाही. आमच्या शाळेतही अशी एक पेटी होती. फक्त ती लोखंडाची नव्हती, एका सीडीच्या रूपात होती.

पिंपळगाव राजा हे खामगाव तालुक्यातील आमचे गाव. येथील उर्दू शाळेत मी मराठी शिकवतो. माझ्या आधी हा विषय जे शिकवत त्यांना सारे 'मोठे सर' म्हणत. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शब्द लवकर यावेत म्हणून त्यांनी एक शब्दसंग्रह तयार केला होता. आधी उर्दू शब्द, मग त्यासाठी मराठी शब्द आणि शेवटी एक छोटे वाक्य. 'वक्त' म्हणजे 'वेळ', 'आँगन' म्हणजे 'अंगण'. कागद, हवा, दप्तर, खुर्ची असे दोन्ही भाषांत नांदणारे शब्द त्यांनी वेगळ्या पानांवर घेतले होते. सुमारे तीन हजार शब्द! २००३ पासून पाच वर्षे शाळा सुटल्यावर बसून त्यांनी ते स्वतः टंकलिखित केले.

२०२२ च्या पावसाळ्यात शाळेच्या कपाटाला वाळवी लागली आणि त्या संग्रहाची एकमेव छापील प्रत मातीमोल झाली. मोठे सर तेव्हा निवृत्त झाले होते. मी बातमी सांगायला घरी गेलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बेटा, सीडी आहे ना?"

सीडी होती. प्रयोगशाळेतल्या नव्या संगणकात ती घातली. फाइलींची नावे दिसली, पण फाइल काही उघडेना. एकदा उघडली तर उर्दूच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हे! असे का झाले, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

उर्दूची नस्तालीक लिपी तुम्ही रोज लिहिता, म्हणून ती तुम्हाला सोपी वाटते. यंत्राला मात्र ती फार अवघड. 'बे' हे अक्षर शेजारी कोणते अक्षर आहे ते पाहून रूप बदलते. शिवाय शब्द सरळ रेषेत न जाता वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरत जातो. त्यामुळे मराठी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले जात होते, त्या काळातही उर्दू मजकूर कातिब हाताने लिहीत आणि तो शिळाछापावर छापला जाई. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने 'नूरी नस्तालीक' तयार केले. त्यासाठी अक्षरांच्या सुमारे अठरा हजार जोडण्या हाताने लिहून काढाव्या लागल्या. एवढ्या चिकाटीने एखादे काम झाले की मला तर ते यंत्राचे वाटतच नाही, कातिबाचेच वाटते. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअर या कंपनीने 'इनपेज' आणले, आणि साध्या टेबलावरच्या संगणकावर नस्तालीक लिहिता येऊ लागले. उर्दू वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका सारे त्यावर होऊ लागले. मोठ्या सरांनी शब्दसंग्रह लिहिला तोही यावरच.

आता अडचण ऐका. संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. जुन्या इनपेजने हे क्रमांक स्वतःच्या सोयीने ठरवले होते. मराठीचे जुने फाँटही असेच आपापल्या क्रमांकांवर चालत. त्यामुळे एका छापखान्यातली मराठी फाइल दुसऱ्या छापखान्यात नेली की भलतेच काही दिसे. आज जगभर युनिकोड ही एकच सामाईक यादी वापरतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तिच्यात अलिफचा क्रमांक ०६२७ आणि देवनागरी 'अ'चा ०९०५ आहे, मग संगणक पिंपळगावचा असो की पॅरिसचा. आमची फाइल या यादीच्या बाहेर राहिलेली होती.

म्हणजे फाइल उघडायला तेच जुने इनपेज हवे. ते शाळेकडे होते, पैसे देऊन घेतलेले. पण आमच्या प्रतीसोबत एक कुलूप आले होते. काड्यापेटीएवढी ती वस्तू संगणकाच्या मागे, पूर्वी प्रिंटर जोडत त्या पंचवीस छिद्रांच्या खाचेत बसवायची. ती बसवली नाही तर इनपेज चालत नसे. नव्या संगणकांना ही खाचच नसते. यूएसबीची जोडतार लावून पाहिली, तिलाही कुलूप दाद देईना. शिवाय त्या कुलपाला ओळखणारी विंडोज एक्सपी हवी. एक्सपी ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारी प्रणाली. ती २००१ मध्ये आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल थांबवली. तिची अस्सल सीडी आणि पंचवीस अक्षरांचा परवाना क्रमांक शाळेच्या कपाटात होता, आणि सुदैवाने वाळवी त्या कप्प्यापर्यंत पोहोचली नव्हती.

तेव्हा ठरले की जुन्या कार्यप्रणालीसाठी जुनाच संगणक जुळवायचा.

शाळेत दोन बंद संगणक धूळ खात पडले होते. एकाची पेटी आणि ८० जीबीची हार्ड डिस्क चांगली निघाली. दोघांचेही मदरबोर्ड कामातून गेले होते. त्यांवरची कपॅसिटर नावाची छोटी नळकांडी माथ्यावर फुगली होती. जुना बोर्ड घेताना ही खूण आधी पाहावी. मी खामगावला दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार हसला. "सर, लोक जुना देऊन नवा नेतात, तुम्ही उलटे काय करता?" मी म्हटले, "भाऊ, मागे पंचवीस छिद्रांची खाच असलेला बोर्ड दाखवा." त्याने माळ्यावरून तसा एक बोर्ड काढला. त्यावर कोअर टू ड्युओ प्रोसेसर बसलेलाच होता. बोर्ड आणि प्रोसेसर मिळून १,४०० रुपये, २ जीबीची डीडीआर-२ रॅम ३०० रुपये, वीज पुरवणारा एसएमपीएस ५५० रुपये, बोर्डाचा बटणसेल ३० रुपये आणि प्रोसेसरवर लावायची पेस्ट ५० रुपये. एकूण २,३३० रुपयांत काम झाले. २ जीबी रॅम आज मोबाइललाही कमी पडते, पण एक्सपीला ती मुबलक होते.

नववीच्या चार मुलांना घेऊन आम्ही रविवारी जुळणीला बसलो. वीज बंद, हात कोरडे आणि पेटीच्या उघड्या लोखंडाला एकदा हात लावून मगच भागांना स्पर्श करायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली, तिच्यावर पंखा बसवला. प्रोसेसरची उष्णता पंख्याच्या धातूपर्यंत पोहोचवणे हे त्या पेस्टचे काम. रॅम खाचेत दाबली की दोन्ही बाजूंना 'टक' आवाज यायला हवा. आमचा एकाच बाजूला आला होता आणि संगणक नुसता 'पीं पीं' करत राहिला. रॅम काढून पुन्हा बसवली तेव्हा पडदा उजळला.

मग एक्सपीची सीडी घातली. फाइली भरता भरता अचानक निळा पडदा आला, त्यावर शून्यांची माळ आणि शेवटी '७बी'. हार्ड डिस्क बिघडली असे समजून मी संध्याकाळी निराश होऊन घरी गेलो. चूक माझीच होती. एक्सपी ज्या काळात निघाली, तेव्हा आजच्या पद्धतीने चालणाऱ्या साटा डिस्क तिला माहीत नव्हत्या. बोर्डाच्या बायोसमध्ये जाऊन साटाची पद्धत 'एएचसीआय'वरून 'आयडीई' केली की ती डिस्क ओळखते. दुसऱ्या दिवशी तेवढा एक बदल केला आणि अर्ध्या तासात एक्सपीची हिरवी टेकडी आणि निळे आभाळ पडद्यावर आले. मुलांनी ती टेकडी प्रथमच पाहिली.

या संगणकाला आम्ही इंटरनेटची तार मात्र जोडली नाही. कारण देखभाल थांबलेल्या प्रणालीत नवे छिद्र सापडले तर ते बुजवायला कोणी येत नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने जगभरातील संगणकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही अपवाद म्हणून एक दुरुस्ती दिली. पण अपवादाच्या भरवशावर कोणी राहू नये. घरी रोजच्या कामासाठी असा संगणक वापरा, असे मी तुम्हाला मुळीच सांगणार नाही. आम्हाला तो एकाच कामासाठी हवा होता.

मागे कुलूप बसवले, इनपेज सुरू केले आणि मोठ्या सरांना खुर्चीवर बसवले. फाइल उघडली. पहिल्या पानावर 'आब : पाणी' अशी ओळ होती, त्यांनी वीस वर्षांपूर्वी लिहिलेली. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चष्मा पुसला आणि चौथ्या ओळीतली एक चूक दाखवली.

पुढे मजकूर पेन ड्राइव्हवरून नव्या संगणकावर नेला, विषाणू तपासला आणि जुने क्रमांक युनिकोडच्या क्रमांकांत बदलणारा एक छोटा प्रोग्रॅम चालवला. बहुतेक शब्द नीट आले. कोठे हमजा जागा सोडून गेला, कोठे दोन शब्द चिकटले. ते ओळीओळीने सुधारता येते.

एक गोष्ट मात्र कोणताही प्रोग्रॅम सुधारू शकला नाही. त्या इनपेजमध्ये देवनागरी लिहिण्याची सोय सरांकडे नव्हती, म्हणून त्यांनी मराठी शब्दही उर्दू लिपीतच लिहिले होते. आता उर्दूत 'ळ' हे अक्षर नाही. सरांनी प्रत्येक 'ळ'साठी लामच लिहिला आणि छापील प्रतीत त्यावर लाल पेन्सिलीने ठिपका दिला. लाल ठिपके वाळवीने खाल्ले. युनिकोडमध्ये 'ल'चा क्रमांक ०९३२ आणि 'ळ'चा ०९३३ आहे. आमच्या फाइलीत दोघांसाठी एकच ०६४४, म्हणजे लाम. 'वेल' की 'वेळ', 'काल' की 'काळ', 'गोल' की 'गोळ', हे संगणकाला विचारून उपयोग नाही. त्यासाठी पुढचे वाक्य वाचावे लागते आणि मराठी यावी लागते.

असे लाम असलेले शब्द आम्ही वेगळे काढले. ते भरले चाळीस पाने. नववीच्या वर्गात दोघांना मिळून एक पान दिले आहे, सोबत लाल पेन्सिल. 'वक्त'च्या ओळीवर ठिपका पडला. 'फल'च्या ओळीवर वर्गात अजून वाद चालू आहे, कारण मराठीत 'फळ'ही आहे आणि 'फलित'ही. शुक्रवारी मोठे सर निकाल द्यायला येणार आहेत.