जाड अक्षरांची मर्यादा : ‘इम्पॅक्ट’ टंकाचा अल्प परिचय

मथळ्याला दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. तो लांबून दिसला पाहिजे आणि अरुंद स्तंभात मावलाही पाहिजे. अक्षर मोठे करावे तर जागा पुरत नाही. लहान करावे तर नजर थांबत नाही. या पेचावर काढलेला तोडगा म्हणजे जाड पण अरुंद टंक होय. त्यांपैकी ‘इम्पॅक्ट’ या रोमन टंकाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

इम्पॅक्टची आखणी जेफ्री ली या इंग्रज आरेखकाने केली. शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या टाइप फाउंड्रीने १९६५ साली त्याचे खिळे बाजारात आणले. या अक्षरांच्या टोकांना बारीक आडव्या रेघा नाहीत. उभे दांडे अतिशय जाड आणि त्यांच्यामधली पांढरी जागा फटीएवढी. लहान लिपीतील अक्षरांचे अंग उंच ठेवून ‘बी’, ‘डी’ यांचे वर जाणारे व ‘पी’, ‘क्यू’ यांचे खाली उतरणारे दांडे आखूड केले आहेत. त्यामुळे ओळी जवळजवळ लावता येतात आणि शब्द भिंतीसारखा एकसंध दिसतो. देवनागरीत ही सोय तितकीशी नाही. शिरोरेषेवर मात्रा-वेलांटीला आणि खाली उकाराला जागा सोडावीच लागते.

मायक्रोसॉफ्टने १९९६ पासून वेबसाठी मोफत दिलेल्या टंकांत इम्पॅक्टचाही समावेश होता. पुढे चित्रावर काळ्या कडेची पांढरी अक्षरे टाकून ‘मीम’ करण्याची प्रथा पडली, तीतही हाच टंक रूढ झाला.

या टंकाची मर्यादा मात्र मला स्वतःच्या चुकीने कळली. गेल्या वर्षी निबंध स्पर्धेची इंग्रजी सूचना तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. उठून दिसावी म्हणून मी ती सगळीच्या सगळी, बाराही ओळी, इम्पॅक्टमध्ये लावली. लहान आकारात त्यातील फटी बुजतात आणि इंग्रजी सहाचा आकडा आठासारखा दिसू लागतो. वर्गातील एका मैत्रिणीने शेवटची तारीख १६ ऐवजी १८ वाचली. ती निबंध घेऊन आली तेव्हा मुदत संपलेली होती. माझ्याप्रमाणेच तिच्याही घरातून कॉलेजात येणारी ती पहिलीच. आम्हांला विचारायला घरी कोणी नसते. जे कळते ते सूचनाफलकावरूनच. त्या फलकावरचे अक्षर चुकले, तर आम्ही कोणाकडे जावे?

दोष टंकाचा नव्हता. दोन-चार शब्द मोठ्या आकारात, लांबून दिसावेत यासाठी तो घडविला आहे. बारा ओळींचा भार मी त्याच्यावर टाकला. यंदाच्या सूचनेत मथळा तेवढा इम्पॅक्टमध्ये आहे. बाकी मजकूर साध्या अक्षरात असून तारीख स्वतंत्र ओळीत, आकड्यांत आणि अक्षरांतही दिली आहे. फलकावर लावण्यापूर्वी ती मी त्याच मैत्रिणीकडून वाचून घेतली.