मेखलेचा पाश : संस्कृत शृंगारकाव्यातील स्वेच्छाबंधनाचे मानसशास्त्र

'कुमारसंभवा'च्या चौथ्या सर्गात मदनदहनानंतर शुद्धीवर आलेली रती विलाप करते. आपण एकमेकांना अप्रिय असे कधी काही केले नाही, मग हे अदर्शन कशासाठी, असे ती भस्मीभूत पतीला विचारते आणि लगेच तिच्या मनात एक शंका येते. मदनाच्या तोंडून चुकून दुसरीचे नाव निसटले, म्हणजे गोत्रस्खलन झाले, की ती त्याला आपल्या मेखलेच्या दोरांनी बांधून ठेवी, कानावरच्या कमळाने मारी. कमळातील केसर गळून त्याच्या डोळ्यांना त्रास होई. तेच तर त्याच्या मनात राहिले नसेल? हा श्लोक शिकवताना 'पूर्वसंभोगाची स्मृती करुणाला पोषक ठरते' एवढे सांगून पुढे जाण्याचा प्रघात आहे. ते चूक नाही. परंतु रतीच्या शंकेची त्यात दखल घेतली जात नाही. दोघांच्या राजीखुशीने चाललेला जो खेळ होता, तो दुसऱ्यालाही खेळच वाटत होता ना, अशी ती शंका आहे. आणि उत्तर देणारा आता उरलेला नाही.

प्रौढ स्त्रीपुरुषांनी परस्परांच्या संमतीने बद्ध आणि बांधणारा, दास आणि स्वामिनी अशा भूमिका घेणे, किंवा अशा बंदिवासाची कल्पना मनाशी खेळवणे, याला येथे 'स्वेच्छाबंधन' म्हटले आहे. मानसशास्त्राने या विषयाला प्रथम हात घातला तो विकृतीचे प्रकरण म्हणून. क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाचा 'सायकोपॅथिया सेक्शुअ‍ॅलिस' हा ग्रंथ १८८६ मध्ये निघाला. १८९० मध्ये त्याने कादंबरीकार झाखर-मासोख याच्या नावावरून 'मासोकिझम' ही संज्ञा बनवली. लेखक हयात असताना त्याच्या नावाचा रोग व्हावा, असे वाङ्मयेतिहासात फारसे घडलेले नाही. पुढे ही भूमिका पालटली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या सूचीत वेगळी आवड आणि विकार यांत भेद केला गेला, आणि २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातून संमतीने होणारे असे वर्तन विकार म्हणून वगळण्यात आले. संमतीवाचून होणारे मात्र विकारातच राहिले. समीक्षेत 'विकृत शृंगार' हा शब्द सैलपणे वापरणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यायला हवे.

तथापि काव्यवाचनाला निदानापेक्षा ग्रेगरी बेटसन या मानवशास्त्रज्ञाचा १९५५ मधील निबंध अधिक उपयोगी पडतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात लटके भांडण करणारी माकडे पाहताना त्याला प्रश्न पडला, की हे भांडण नव्हे हे त्यांना परस्परांना कळते कसे? त्याचे उत्तर असे, की खेळातील प्रत्येक कृतीबरोबर 'हा खेळ आहे' असा एक वरचा संदेश जात असतो. लटका चावा खऱ्या चाव्याची आठवण देतो, पण खऱ्या चाव्यामागचे वैर त्यात नसते. या संदेशाची जी चौकट तयार होते तिच्या आत कृतीचा अर्थ बदलतो. बेटसन आणखी एक पायरी पुढे जातो. काही खेळ 'हा खेळ आहे' या विधानावर उभे नसून 'हा खेळ आहे का?' या प्रश्नावर उभे असतात. रतीची शंका याच जातीची आहे.

मेखला हे या चौकटीचे उत्तम चिन्ह होय. ती स्त्रीचा अलंकार आहे, ती किणकिणते, आणि तिने कोणी समर्थ पुरुष खरोखर जखडला जात नाही. बद्ध राहतो तो स्वतःच्या इच्छेने; म्हणजे बांधणारीला सत्ता मिळते ती बद्धाकडून. पण कालिदास केसराने दुखावलेले डोळेही विसरत नाही. चौकटीतली वेदना थोडी असली तरी खरी असते, आणि शंकेला जागा मिळते ती तिथेच.

झाखर-मासोखने ही सत्ता कागदावर उतरवली. फॅनी पिस्टर हिच्याशी १८६९ मध्ये केलेल्या करारात तो सहा महिने तिचा दास होतो. परंतु तिने त्याला अप्रतिष्ठेचे काही करायला लावू नये, रोज सहा तास त्याच्या कामासाठी सोडावेत आणि त्याची पत्रे व लेखन पाहू नये, अशा अटीही त्यात आहेत. दासाने घातलेल्या या अटी वाचताना हसू येते खरे. पण दास्याला खेळ बनवतात त्या याच. झील देल्यूझ याने १९६७ मध्ये नेमके यावर बोट ठेवले. बद्ध होणाराच बांधणारीला तिची भूमिका शिकवतो, आणि म्हणून त्याला करार लागतो. 'व्हीनस इन फर्स' (१८७०) या कादंबरीच्या शेवटी नायिका बांधलेल्या नायकावर तिसऱ्याच पुरुषाकडून चाबूक चालवते. त्या तिसऱ्याला नायकाने संमती दिलेली नव्हती. दोर तोच असतो, चौकट मोडते, आणि त्यासरशी त्याची कल्पनासृष्टीही.

संस्कृत परंपरेत करार नाही. तिथे आहे ते संकेतांचे शास्त्र, आणि अडचण तिथेच सुरू होते. भरताने सांगितलेल्या नायिकेच्या दहा स्वभावज अलंकारांपैकी 'कुट्टमित' म्हणजे प्रियाने केस, अधर इत्यादींना स्पर्श केला असता आतून हर्ष असूनही बाहेर दुःखाचा उपचार करणे. मराठीत याला आपण लटका नकार म्हणतो. वात्स्यायन सांप्रयोगिक अधिकरणात याहून पुढे जातो. 'आई गं' या अर्थाचे, निवारणाचे, 'सोड' म्हणण्याचे, 'पुरे' म्हणण्याचे असे सारे शब्द तो सीत्कृतांच्या वर्गात घालतो. नकाराची संपूर्ण भाषा अशी खेळाच्या स्वाधीन झाली, तर ज्या स्त्रीला खरोखर थांबवायचे आहे तिच्याकडे कोणता शब्द उरतो? आज असा खेळ खेळणारी जोडपी खेळाशी संबंध नसलेला एखादा शब्द आधीच ठरवून ठेवतात; तो उच्चारताच सारे थांबते. वात्स्यायनाच्या शास्त्रात असा शब्द नाही.

धोका त्याला ठाऊक नव्हता असे मात्र नाही. त्याच अध्यायात तो अपघातांची नोंद करतो. चोलराजाने चित्रसेना या गणिकेचा 'कीला' नावाच्या प्रहाराने जीव घेतला, कुंतलाच्या शातकर्णी सातवाहनाने महादेवी मलयवतीचा 'कर्तरी'ने. आणि हाताने अधू असलेल्या नरदेवाने भलत्या ठिकाणी प्रहार करून एका नर्तकीचा डोळा घालवला. सातवाहनांच्या अभिमानाने लिहिताना मलयवतीचे नाव क्वचितच येते. हे प्रहार दाक्षिणात्यांचे असल्याचे सांगून वात्स्यायन त्यांना अनार्य ठरवतो, आणि भरधाव घोड्याला वाटेतले खांब व खड्डे दिसत नाहीत तसे रतीत अंध झालेल्यांना अनर्थ दिसत नाही, असा दाखला देतो. त्याचा उपाय काय? पुरुषाने स्वतःचे बळ आणि स्त्रीची कोमलता जाणून वागावे. शहाणपण आहे, पण जाणण्याची जबाबदारी पूर्णपणे पुरुषावर आहे. स्त्रीने सांगावे, ही सोय नाही.

म्हणूनच बहुधा कवींनी पाश स्त्रीच्या हाती दिला असावा. अमरूच्या एका प्रसिद्ध मुक्तकात रागावलेली नायिका प्रियाला बाहुलतेच्या पाशात आवळून सायंकाळी सख्यांदेखत शयनगृहात नेते आणि अडखळत्या शब्दांत त्याचा अपराध सुचवून, रडत रडत त्याला मारते. तो अपराध नाकारतो आणि हसतो. कवी त्याला 'धन्य' म्हणतो. त्याच्यापुरता हा खेळ आहे. तिच्यापुरता? तिचे अश्रू कुट्टमितात बसत नाहीत. एकाच पाशात एकजण खेळतो आहे आणि दुसरी खरोखर दुखावलेली आहे.

'रघुवंशा'च्या एकोणिसाव्या सर्गातील अग्निवर्ण तर प्रेयसींना फसवतो आणि त्यांच्या मेखलांनी वारंवार बांधलाही जातो. रॉय बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये अशा वर्तनाची उपपत्ती 'स्व'पासून सुटका अशी लावली. निर्णय, जबाबदारी, प्रतिष्ठा सांभाळणे यांचे ओझे ज्याला वाहावे लागते त्याला ते काही काळ उतरवून ठेवावेसे वाटते. बद्ध राजाची प्रतिमा कवींना का मोहवते, याचे बरेचसे स्पष्टीकरण यात मिळते. पण अग्निवर्णाने ओझे उतरवले ते पुन्हा उचललेच नाही. दर्शनाला आलेल्या प्रजेला तो गवाक्षातून नुसता पाय दाखवतो. चौकटीला बाहेरची बाजू उरली नाही की खेळही उरत नाही. उरतो तो क्षय.

'मालविकाग्निमित्रा'त हे सर्व एकत्र येते. तिसऱ्या अंकात राजाला मालविकेजवळ पाहून संतापलेली इरावती गळून पडलेली आपली मेखला त्याच्यावर उगारते. राजा या प्रसंगावर लगेच श्लोक रचतो. ती त्याला विजेने विंध्य पर्वतावर प्रहार करू पाहणाऱ्या मेघमालेसारखी दिसते. तो तिच्या पायाही पडतो. मेखला, ताडन, प्रणिपात, खेळाची सारी सामग्री हजर आहे आणि राजा ती सराईतपणे वापरतो. इरावती मात्र खेळत नाही. हे पाय मालविकेचे नव्हेत, असे सुनावून ती निघून जाते. तिचा नकार कुट्टमितात बसवण्याचा राजाचा प्रयत्न तिने रंगमंचावरच हाणून पाडलेला आहे, आणि प्रेक्षकालाही तो बसवता येत नाही.

चौथ्या अंकात बंधन येते ते विदर्भकन्या मालविकेच्या वाट्याला. महाराणी धारिणीच्या आज्ञेने तिला व बकुलावलिकेला पायांत बेड्या घालून तळघरात कोंडले जाते. या बेड्यांवर कालिदास एकही शृंगारिक उपमा खर्च करत नाही. राणीची सर्पमुद्रेची अंगठी पाहिल्यावाचून त्यांना सोडू नये, असा पहारेकरणीला हुकूम आहे. शेवटी विदूषक सर्पदंशाचे सोंग करून ती अंगठी मिळवतो. मालविकेच्या स्वतःच्या कोणत्याही शब्दाने ते दार उघडण्यासारखे नव्हते.